पाहिलं, ऐकलं आणि हिरवी खूण

२००८ साली, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, एका दुपारी आमच्या फोरमवरच्या एका मजकुराला हिरवी खूण लागली. हिरवी खूण म्हणजे 'सभासदांनी तपासलेलं, विश्वासार्ह'. मजकूर माझ्या आईविषयी होता. गिरणी संपाच्या काळात लालबागमधल्या आमच्या चाळीतली खानावळ गिरणीच्या व्यवस्थापनाने पुरवलेल्या धान्यावर चालत होती आणि संप फोडून आत जाणारे कामगार तिथे जेवत होते, असं त्यात म्हटलं होतं. आईचं नाव नव्हतं. चाळीचं होतं, आणि चाळीत खानावळ एकच होती.

त्याच संध्याकाळी मंडळाचे दोन कार्यकर्ते आमच्या खोलीत आले. दोघांचाही जन्म संपानंतरचा. एकाच्या हातात त्या पानाची छापील प्रत होती. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं, थोडा वेळ पंख्याकडे पाहिलं आणि मग सांगितलं की या वर्षी पहिल्या दिवसाचा नैवेद्य काकींनी करू नये.

"काकी, रागावू नका. आमचा तुमच्यावर विश्वास आहे," एक म्हणाला.

"मग?"

"नेटवर आलंय ना. डोंबिवली, विरार, सगळीकडून फोन येतायत. उगाच मंडपात वाद नको."

"निवेद्य गणपतीक दाखवतास की नेटाक?" आईने विचारलं.

दुसरा हसला. जाताना तो म्हणाला, "खूण गेली की तुमचाच मान, काकी. चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत थांबतो आम्ही."

या नैवेद्याविषयी सांगितलं पाहिजे. संपाच्या पहिल्या वर्षी वर्गणी जमली नाही. मंडळाने मूर्ती लहान आणली, रोषणाई केली नाही आणि नैवेद्य कोणाकडे सांगायचा हा प्रश्न आला. तेव्हा खानावळीतल्या स्टोव्हवर आईने तो केला. पुढच्या वर्षी तिला कोणी विचारलं नाही, कारण विचारायची गरज कोणाला वाटली नाही. तेव्हापासून तो आमच्याच खोलीत शिजत होता. केळीच्या पानाने झाकलेलं ताट घेऊन ती जिना उतरायची आणि जिन्यावरचे लोक भिंतीला टेकून वाट द्यायचे. याचा तिला मोबदला नव्हता आणि शाल-श्रीफळही कधी मिळालं नव्हतं. वडील वारले त्या वर्षीचा अपवाद सोडला तर तिने तो कधी चुकवला नाही.

फोरम आम्ही दोघांनी काढला होता. दुसरा आमच्या समोरच्या खोलीतला. संप लांबला तसे त्याचे वडील गावी परत गेले, पुन्हा मुंबईला आले नाहीत. त्याची आई परळला दोन-तीन घरी स्वयंपाकाला जायची. तो दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायचा, पंगतीच्या शेवटी, दाराजवळ. माझ्याहून वर्षाने मोठा. पुढे तो कॉम्प्युटर शिकला, नोकरीला लागला, मुलुंडला फ्लॅट घेतला. त्याची आई मात्र महिन्यातले बरेच दिवस चाळीतच असायची. मुलुंडला शेजारी दार उघडत नाहीत, अशी तिची तक्रार होती. मी एका मराठी दैनिकात डेस्कवर होते.

गिरण्या बंद झाल्यावर चाळीतली माणसं पांगली. कोणी बदलापूरला गेलं, कोणी नालासोपाऱ्याला, कोणी थेट गावी. त्यांनी एकमेकांशी बोलावं आणि जुन्या गोष्टी कुठेतरी लिहिलेल्या राहाव्यात, एवढाच फोरमचा हेतू होता. कोणाच्या लिहिण्यावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात आला. आम्हाला त्याचं उत्तर माहीत आहे असं वाटलं, कारण ते आम्ही लहानपणी पाहिलं होतं.

चाळीच्या जिन्याखाली मंडळाचा फळा होता. संपाच्या दिवसांत त्यावर बातम्या असायच्या, अफवाही असायच्या. अमुक खात्यातले लोक आत गेले. अमक्याला पोलिसांनी उचललं. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. त्यांनी फळ्याच्या डोक्यावर ऑइलपेंटने दोन नियम लिहून घेतले होते. लिहिणाऱ्याने खालती खोली क्रमांक टाकावा. दुसऱ्याचं पुसू नये, पटत नसेल तर खाली लिहावं. शाळेत जाताना आम्ही दोघं तो फळा वाचून जायचो. एखाद्या बातमीखाली पाच-सहा खोल्यांचे आकडे जमलेले असायचे आणि बातमी कितपत खरी ते त्या आकड्यांवरून कळायचं, कारण कुठल्या खोलीत कोण राहतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

फोरमचे नियम आम्ही दादरच्या एका उडपी हॉटेलात बसून ठरवले. त्याला बटणं दोनच हवी होती, आवडलं आणि नावडलं.

"जेवण आहे का ते?" मी म्हणाले.

"मग काय ठेवू?"

डेस्कवर बातमीदाराला पहिला प्रश्न विचारला जातो तो, तू पाहिलंस की तुला कोणी सांगितलं. मी तोच सुचवला. म्हणून आमच्या प्रत्येक मजकुराखाली तीन बटणं आली: 'पाहिलं', 'ऐकलं' आणि 'तसं नव्हतं'. लिहिणाऱ्यानेही आपल्या मजकुरावर पहिल्या दोनपैकी एक दाबायचं. 'पाहिलं'ला किंमत जास्त, 'ऐकलं'ला कमी. एक आठवडा मतं घेतली जायची आणि मग यंत्र, म्हणजे त्याने लिहिलेला प्रोग्रॅम, हिशेब करून हिरवी खूण द्यायचं किंवा द्यायचं नाही. मजकूर पुसण्याची सोय नव्हती. खाली लिहिता येत होतं.

सभासदाचं 'वजन' ही त्याची कल्पना. ज्याच्या लिहिण्याला लोकांनी पूर्वी दुजोरा दिला, त्याच्या पुढच्या लिहिण्याला आणि मताला जास्त वजन. माझा आक्षेप होता. गिरणीच्या इमारतींवर कोणी उत्तम लिहीत असेल, पण खानावळीच्या आमटीबद्दल त्याचं मत वजनदार कसं होतं?

"पहिल्या टप्प्यात एवढं बारीक नको," तो म्हणाला. "नंतर करू."

ते नंतर झालं नाही.

दुसरा एक नियम माझा होता. आम्ही दोघं फोरमचे चालक. चालकांनी कोणत्याही मजकुरावर मत द्यायचं नाही आणि खाली लिहायचंही नाही. वर्तमानपत्रात घरच्या माणसाची बातमी आपण हाताळत नाही, तसंच. तो लगेच हो म्हणाला.

पुढच्या वर्षी एका वादात कोणीतरी सायबर कॅफेत बसून पुष्कळ खोटी खाती उघडली आणि एका माणसाविरुद्ध मतांचा ढीग घातला. तेव्हा त्याने नवा नियम आणला. एकाच मशीनवरून, सारख्याच शब्दांत, सारख्याच पासवर्डने आलेली मतं एकाच माणसाची धरायची आणि बाद करायची. यंत्राला पासवर्ड वाचता येत नव्हता, पण दोन पासवर्ड सारखे आहेत एवढं कळत होतं. नियम बरोबर होता. एकाच एजन्सीची तार दोन पेपरांनी छापली तर आम्हीही ते दोन दुजोरे धरत नाही.

"पण आपल्या म्हाताऱ्यांकडे कुठलं मशीन?" मी विचारलं. "सगळे मंडळातल्या एकाच कॉम्प्युटरवर बसतात."

"मग ते मशीन सोडून देऊ. तिथली माणसं तू ओळखतेस, तू हमी घे."

मी हमी घेतली. हे ठरलं तेव्हा टेबलाशी आम्ही दोघंच होतो.

आईविषयीचा मजकूर लिहिणारे गृहस्थ दादरला राहत. निवृत्त, अभ्यासू. गिरण्यांच्या चिमण्या, भोंगे, नाटक मंडळ्या यांच्यावर ते नेमाने लिहीत आणि लोक आवडीने वाचत. फोरमवर त्यांचं वजन सगळ्यांत जास्त होतं. संपकाळात ते गिरणगावात राहत नव्हते. तसा दावाही त्यांनी केला नव्हता.

मजकूर आला त्या सकाळी मी फोरमच्या दुसऱ्या चालकाला फोन केला.

"वाचलं मी," तो म्हणाला. "तू बाजूला राहा. तुझ्या आईचा विषय आहे, तू हात लावलास तर लोक बोलतील. मी बघतो."

"खानावळीत जेवलेले अजून आहेत. ते येतील लिहायला."

"येऊ देत ना. त्यासाठीच तर आहे सगळं."

मी बाजूला राहिले. आठवडाभर मी फोरम उघडला नाही. मंडळाच्या खोलीत काय झालं ते मला नंतर तिथे हजर असलेल्या तिघांनी वेगवेगळं सांगितलं. तिघांच्या सांगण्यात जे सारखं आहे तेवढं इथे देते.

खानावळीत जेवलेले जे हयात होते आणि येऊ शकत होते ते एका संध्याकाळी मंडळात जमले. कोणी काळाचौकीहून आले, कोणी कल्याणहून. जे आले नाहीत त्यांनी फोनवर कळवलं. आधी चहा झाला. मग काय लिहायचं यावर चर्चा झाली. प्रत्येकाने आपापलं लिहावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. संपात ही माणसं एक गोष्ट शिकली होती: बाहेर जाताना निवेदन एकच जायला हवं, दहा तोंडांनी दहा गोष्टी बोललं की समोरचा फूट पडली म्हणतो. त्यांनी तासभर खपून एक वाक्य तयार केलं. "आम्ही या खानावळीत संपाच्या काळात जेवलो, धान्य काकींच्या माहेरून येत होतं, गिरणीचा एक दाणाही आम्ही पाहिला नाही." 'एक दाणाही' ठेवावं की 'काहीही' यावर वाद झाला. दाणा राहिला.

मग चाळीतल्या बालवाडीच्या बाई कॉम्प्युटरवर बसल्या. ज्यांची खाती नव्हती त्यांची उघडली. पासवर्ड काय ठेवायचा, हे त्यांनी पहिल्याला विचारलं. त्याने गावच्या देवीचं नाव सांगितलं. दुसऱ्याने तेच सांगितलं.

"काका, प्रत्येकाचा वेगळा लागतो," बाई म्हणाल्या.

"वेगळो कित्याक? देवी एकच असा."

बाकीच्यांनाही ते पटलं. निम्म्याहून जास्त जण एकाच गावचे होते. जे नव्हते त्यांनीही हीच देवी घेतली, म्हणजे बाईंना सोपं पडेल. बाईंनी प्रत्येकाचं नाव टाकलं, तेच वाक्य टाकलं आणि 'तसं नव्हतं' हे बटण ज्याचं त्याला दाबायला लावलं. एकाला माऊस जमत नव्हता, तर शेजाऱ्याने मनगट धरलं. शेवटी आमच्या समोरच्या खोलीतली, फोरमच्या दुसऱ्या चालकाची आई आली. ती खानावळीत जेवणारी नव्हती, पण मुलाचं पान तिथे मांडलं जात होतं. तिने बटण दाबलं आणि विचारलं, "दाबलं गेलं ना गं? का पुन्हा दाबू?"

आठवडा संपला त्या दुपारी यंत्राने हिशेब केला आणि ही सगळी मतं बाद झाली. मजकुराच्या तळाशी यंत्राने बारीक अक्षरांत नोंद केली की या मजकुराविरुद्ध बनावट खात्यांचा वापर झाल्याचं आढळलं. नियमाप्रमाणे तशी खाती बंद होत. ती बंद झाली. आणि ज्या मजकुराविरुद्ध खोटी खाती वापरली जातात त्याचं वजन यंत्र वाढवत असे. हाही त्याचाच नियम, सायबर कॅफेच्या प्रकारानंतरचा, आणि त्या वेळी मला तो योग्य वाटला होता. त्यानंतर तासाभरात हिरवी खूण लागली.

कार्यकर्ते येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्याला त्याच उडपी हॉटेलात भेटले.

"मंडळाचं मशीन तू सोडलं होतंस," मी म्हणाले.

"सोडलं होतं. सवलत काढली नंतर."

"कधी?"

"झाले दोन-तीन महिने."

"मला सांगितलं नाहीस."

"तू नाही म्हणाली असतीस."

वेटर आला. त्याने दोन कॉफी सांगितल्या. मग त्याने सांगितलं ते असं: बंगळूरच्या एका कंपनीला आमची ही पद्धत हवी होती. तो त्यांच्याकडे जाणार होता. त्यांच्यापुढे त्याला दाखवायचं होतं की या हिशेबात कुठेही माणसाचा हात लागत नाही. एक मशीन वगळलेलं दिसलं असतं तर पहिला प्रश्न त्याचाच आला असता.

"आणि 'पाहिलं', 'ऐकलं'?" मी विचारलं. आदल्या रात्री मी फोरम उघडून पाहिला होता. बटणं तशीच होती, पण दोन्हींची किंमत आता सारखी होती.

"एक केली. लोकांना फरक कळत नव्हता."

"आपल्या लोकांना कळत होता."

"आपले लोक किती गं?"

मी त्याला विचारलं की आठवडाभर मला बाजूला राहायला सांगितलं तेव्हा मंडळातली मतं बाद होणार हे त्याला माहीत होतं का. त्याने कपबशी थोडी पुढे सरकवली.

"अंदाज होता," तो म्हणाला.

"मग सांगायचं. त्यांना वेगवेगळ्या ठिकाणाहून लिहायला लावलं असतं."

"म्हणजे यंत्र कसं चुकवायचं ते मी सांगायचं?"

"ती खोटी माणसं नाहीत. तुझी आई आहे त्यात."

"माहीत आहे."

"खूण हाताने काढू नकोस. तू नुसतं खाली लिही. तू पाहिलंयस. तू पंगतीत बसायचास. तांदळाच्या गोण्या जिन्यावरून वर यायच्या तेव्हा एक टोक तुझ्याकडे असायचं. गोणी कुठून आली हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? तेवढं एक वाक्य लिही."

"मला लिहिता येणार नाही."

"का?"

"मी चालक आहे. चालकाने लिहायचं नाही, मत द्यायचं नाही," तो म्हणाला. "नियम तुझाच आहे."

त्याने बिल मागवलं.

गोण्यांविषयी माझ्याकडे असलेली माहिती अशी. आईच्या माहेरी, मालवणच्या बाजूला, तिच्या भावाची भातशेती होती. संपात जेवणारे पैसे देऊ शकेनात तेव्हा तिने भावाला कळवलं आणि तो एसटीच्या टपावरून तांदूळ पाठवू लागला. रिकाम्या गोण्या आम्ही परत पाठवायचो. त्या फाटल्या तेव्हा आईने गिरणीच्या जाड कापडाच्या पिशव्या शिवल्या. संपापूर्वी कामगारांना ते कापड खराब माल म्हणून स्वस्तात मिळायचं आणि गिरणगावातल्या प्रत्येक घरात त्याच्या चादरी, पडदे, पिशव्या होत्या. त्यावर गिरणीची निळी छाप असायची. म्हणजे तांदूळ गावाहून यायचा तो गिरणीचं नाव छापलेल्या गोणीतून. जिन्यावरून वर जाणारी गोणी ज्याने लांबून पाहिली असेल, त्याला छाप दिसली असणार.

"गोणी गिरणीची, तांदूळ माझ्या कुळारचो," आई म्हणाली. कुळार म्हणजे माहेर. "ह्यां त्येंका सांग."

"आणि आत जाणारे जेवायचे, ते?"

मला हे विचारावं लागलं, कारण मजकुरातली ती दुसरी बाजू होती. ती तांदूळ निवडत होती.

"दोघे येयत," ती म्हणाली. "आत जाऊक लागल्यावरय येयत. मी पान मांडलंय. बाकीचे त्येंच्याकडे पाठ करून बसत. पण उठून कोण गेलो नाय."

दादरच्या गृहस्थांना मी फोन केला. ते सौजन्याने बोलले.

"मॅडम, मी 'ऐकलं' हेच बटण दाबलं होतं. तपासून पाहा," ते म्हणाले. "पाहिल्याचा दावा मी कुठेही केलेला नाही. खूण तुमच्या यंत्राने दिली."

"कोणाकडून ऐकलं?"

"एका बैठकीत. गोण्यांवर गिरणीची छाप होती असं कोणीतरी सांगितलं. कोणी ते आता आठवत नाही."

मी त्यांना कापडाचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हे फार रोचक आहे, असं म्हणाले.

"मग मजकूर मागे घ्याल?"

"मागे कसा घेऊ? पुसायचं नाही हा तुमचाच नियम आहे. खाली लिहितो मी."

त्यांनी दिलेला शब्द पाळला. त्याच दिवशी मजकुराखाली त्यांची ओळ आली: "संबंधित कुटुंबाने याचा इन्कार केला आहे." वर्तमानपत्रात मी अशा ओळी पुष्कळ लिहिल्या आहेत. वाचणारा त्या कशा वाचतो ते मला माहीत आहे. खूण तशीच राहिली.

बाद झालेल्यांना खातं परत उघडून घेण्याची सोय होती. प्रत्येकाने स्वतःच्या मशीनवरून स्वतःच्या ओळखपत्राचा फोटो पाठवायचा होता. बालवाडीच्या बाईंनी हे मंडळात सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, "आम्ही आहोत ह्याचा पुरावा? गिरणीनेपण शेवटी हाच मागितला होता." कोणीही फोटो पाठवला नाही.

समोरच्या खोलीतली त्याची आई गॅलरीत उभी राहून मुलाशी फोनवर बोलत होती ते सगळ्या मजल्याने ऐकलं.

"म्हणजे मी खोटी?" ती म्हणाली. मग पलीकडचं ऐकून, "नियम सगळ्यांना सारखा, बरोबर. पण मी नाहीच म्हणतोस, तर रविवारी मुलुंडला येऊन पोळ्या कोण करते तुझ्या?" पलीकडून तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. तिने फोन माझ्या आईकडे दिला. "बोल तूच. तुझं तरी ऐकेल तो, माझं नाही तर."

आईने फोन कानाला लावला.

"जेवलंस काय रे?" तिने विचारलं. उत्तर आल्यावर, "बरां," म्हणाली आणि फोन परत दिला. मी तिला विचारलं की तू खुणेचं का बोलली नाहीस. ती म्हणाली, "त्येका म्हायती नाय काय?"

चतुर्थीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तिने नारळ खवून ठेवले, पिठी चाळली आणि पितळेचं मोठं ताट चिंचेने घासून पालथं घातलं. घरच्या गणपतीला एवढ्या पिठीची गरज नव्हती. दार उघडं होतं. कार्यकर्ते दोनदा आमच्या दारावरून वरच्या मजल्यावर गेले आणि दोनदा खाली आले. आत कोणी आलं नाही. मी खाली जाऊन विचारलं. दोघांतला मोठा होता तो म्हणाला, "ताई, खूण आहे अजून. मी आत्ताच बघितलं."

दुसऱ्या दिवशी नैवेद्य परळच्या एका केटररकडून आला. चांदीच्या रंगाच्या कागदी डब्यांत होता. मंडपात एका वृद्ध सभासदाने विचारलं की काकींची तब्येत बरी नाही का. कोणीतरी त्याच्या हातात डबा दिला. आई आरतीला खाली आली, बायकांच्या मागे उभी राहिली आणि प्रसादाचा डबा घेऊन वर गेली. त्या दुपारी खानावळीतले जुने तिघं-चौघं न बोलावता आमच्याकडे आले. त्याची आईही आली. आईने पानं मांडली. पिठी संपली.

तो दिवाळीनंतर बंगळूरला गेला. त्याच्या नव्या कंपनीच्या माहितीपत्रकात आमच्या फोरमचा उल्लेख आला. त्यात लिहिलं होतं की ही पद्धत एका कामगार वस्तीत वापरून पाहिली असून तिथे संघटितपणे टाकलेली बनावट मतं तिने अचूक ओळखली. मी त्याला त्या वाक्याबद्दल पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, त्यात आईची चौकशी होती.

मी चालकपद सोडलं. फोरम आणखी काही वर्षं चालला आणि नव्या माध्यमांमुळे ओस पडला. पानं मात्र काढली गेली नाहीत. नंतरच्या गणपतीत नवी समिती आली, मग तिच्या जागी आणखी नवी. दर वर्षी जुन्यांपैकी कोणीतरी विषय काढायचं आणि दर वर्षी कोणीतरी मोबाइलवर ते पान उघडून दाखवायचं. आई सात वर्षांपूर्वी गेली. तोपर्यंत चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती ताट घासत होती. तिच्या दिवसांना तो बंगळूरहून आला होता. पंगतीत शेवटी, दाराजवळ बसला.

हे लिहिण्यापूर्वी मी ते पान पुन्हा उघडलं. मजकूर आहे. दादरच्या गृहस्थांची ओळ आहे. तळाशी बनावट खात्यांची नोंद आहे आणि तिच्यात बंद केलेल्या खात्यांची नावं आहेत. शेवटचं नाव त्याच्या आईचं आहे. हिरवी खूण आहे. या वर्षीचा नैवेद्य केटररकडून आला.